अंथरूण पाहून पाय पसरा, हे सांगणे आता थांबवा



कर्जात रुतलेल्या माणसाला आपल्याकडे ठरलेली तीन वाक्ये ऐकवली जातात. अंथरूण पाहून पाय पसरायला हवे होते. घेताना कळले नाही का? आणि शेवटी, जाऊ दे, मन खंबीर ठेव. पुण्यात हडपसरच्या चाळीत काय आणि बाणेरच्या सोसायटीत काय, वाक्ये हीच, आणि बहुतेक वेळा ती जिव्हाळ्याच्या माणसांच्याच तोंडून येतात. हे पत्रक त्या वाक्यांविरुद्ध आहे. कर्ज आणि मनाचा आजार ही एकमेकांना पोसणारी दुखणी आहेत. आपण मात्र कर्जाचे बोलणे बँकेच्या खिडकीवर आणि मनाचे बोलणे डॉक्टरच्या दारात असे वाटून टाकले आहे, आणि या दोन दारांच्या मधल्या वाटेवर माणूस हरवतो. धीर आणि हिशोब एकाच टेबलावर मिळाले पाहिजेत: घरात, सावकारी संस्थांत आणि महापालिकेच्या दवाखान्यातही. माझे म्हणणे एवढेच आहे.

पुरावा पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांतली २२,७४६ महाराष्ट्रातली, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. कारणांच्या तक्त्यात दिवाळखोरी आणि कर्जबाजारीपणाचा वाटा शंभरात सुमारे चार आहे, कौटुंबिक समस्यांचा ३१.७ टक्के आणि आजारपणाचा १८.४ टक्के. तक्ता नुसता वाचला तर कर्ज हे किरकोळ कारण वाटेल. पण हप्त्यावरून महिनोन्‌महिने ज्या घरात भांडण पेटले, त्या घरातला मृत्यू कोणत्या रकान्यात पडतो? ऑपरेशनसाठी काढलेले कर्ज फिटेना म्हणून ज्याने औषधे बंद केली, त्याचा कोणत्या? एका मृत्यूमागे एक कारण लिहायचे असते आणि माणसाचे आयुष्य एका रकान्यात मावत नाही. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून ब्रिटिश संशोधकांनी २०१३ साली निष्कर्ष काढला की कर्जाखाली असलेल्यांत मानसिक आजार आढळण्याची शक्यता इतरांच्या तिपटीहून अधिक असते. कर्जाने आजार झाला की आजाराने कर्ज, हे अशा अभ्यासांतून नेहमी सुटे करता येत नाही. माझ्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही, उलट बळच मिळते. कुठून सुरुवात झाली हे ठरवता येत नसेल, तर एकाच टोकाला औषध लावून भागणार नाही.

'पण निदान पत्रे तरी उघडायची, फोन तरी घ्यायचा, गप्प का बसला?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर आळस किंवा लबाडी असे आपण गृहीत धरतो, पण पुरावा वेगळे सांगतो. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धिचाचणी एकदा ऊस जाण्याआधी, हाताशी पैसा नसताना घेतली गेली आणि पुन्हा पैसे मिळाल्यावर घेतली गेली. माणसे तीच, पण तंगीच्या दिवसांत त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. २०१९ साली सिंगापूरमधून आलेला अभ्यास आपल्या शहराला आणखी जवळचा आहे. तिथे जुनी कर्जे थकलेल्या १९६ गरीब माणसांना कर्ज फेडायला मदत मिळाली, आणि त्यानंतर त्यांची चिंता कमी झाली, निर्णय सुधारले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की मनाला हलकेपणा आला तो कर्जाची नुसती रक्कम घटल्याने नव्हे. किती खाती पूर्ण बंद झाली, याला मोठे महत्त्व होते. पुण्यातल्या थकलेल्या माणसाकडे पाहा. एक पर्सनल लोन, त्यावर टॉप-अप, दोन क्रेडिट कार्डे, मोबाइलवरच्या ॲपची तीन छोटी कर्जे, पतसंस्थेचा हप्ता, भिशीचा हप्ता, बायकोचे दागिने सोनेतारणात, आणि मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने. प्रत्येकाची तारीख निराळी, दंड निराळा, फोन निराळा. महिन्याचा एकही दिवस रिकामा नाही. अशा डोक्याला 'नीट विचार कर' म्हणणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला अंग गरम ठेवू नकोस असे सांगणे आहे.

यात लाज मिसळली की गाठ आवळते, आणि ही लाज आपोआप येत नाही. वसुलीचे हत्यार म्हणून ती मुद्दाम वापरली जाते. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत अँड्रॉइड फोनवर मिळणाऱ्या कर्जाच्या सुमारे ११०० ॲपपैकी ६०० बेकायदेशीर आढळली होती. अशा ॲपची रीत आता सगळ्यांना ठाऊक आहे: फोनमधले सगळे नंबर उचलायचे, मग नातेवाइकांना, ऑफिसातल्या साहेबांना संदेश, छेडछाड केलेले फोटो. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्तसंस्थांना बजावले आहे की थकीत वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकवायचे नाही, कर्जदाराच्या घरच्यांच्या आणि मित्रांच्या खासगीपणात घुसायचे नाही. नियम चांगला आहे. पण तो वापरायचा तर तक्रार करावी लागते, आणि तक्रार करायला आधी 'माझ्यावर कर्ज आहे' हे मोठ्याने म्हणता यावे लागते. आपली ती तीन वाक्ये नेमके हेच तोंड बंद करतात. वसुलीवाला अब्रूची भीती घालतो आणि ती भीती खरी आहे अशी ग्वाही आपण देतो.

हे दुःख पुणे जिल्ह्याला नवे नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या दारात गेले आणि त्यांनी कर्जरोखे मागून घेऊन जाळले. उठाव नगर जिल्ह्यातही पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा दिलासा कायदा झाला. परक्या सरकारच्या त्या कायद्यात दोन गोष्टी होत्या, त्या आजही लक्षपूर्वक वाचाव्यात. न्यायालयाने रोख्यावरचा आकडा तसाच न धरता व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासायचा. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. म्हणजे देणे आणि कर्जदाराचा देह या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे या मातीत दीडशे वर्षांपूर्वी कबूल झाले होते. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की ज्याच्याकडे द्यायला खरोखर काही नाही, त्याला निव्वळ कर्ज फेडले नाही म्हणून कैदेत टाकता येत नाही. तरी आजही 'पोलीस येऊन उचलून नेतील' या एका धमकीवर रात्रीच्या रात्री जागून काढणारी कुटुंबे आहेत. इथे खोटा दिलासाही नको: दिलेला चेक वटला नाही तर तो फौजदारी खटल्याचा विषय होतो आणि त्याच्या नोटिशीला मुदतीत उत्तर द्यावेच लागते. नेमकी भीती कशाची धरायची आणि कशाची नाही, हे समजावून सांगणारा माणूस शेजारी बसणे हा मोठा आधार आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार: असे लाड केले तर प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्यांनी काय मूर्खपणा केला? उद्या कोणीच फेडणार नाही. मी कर्जमाफी मागत नाही. उसंत मागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून अशी सोय कायद्याने आहे. कर्जसल्लागाराकडे गेलेल्याला ६० दिवस व्याज, दंड आणि वसुलीपासून सुटका मिळते. आणि तीव्र मानसिक संकटात उपचार घेत असलेल्याला उपचार चालू असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी ३० दिवस. देणे तसेच राहते, फक्त माणसाला श्वास घेता येतो. आपल्या देशातही ही कल्पना परकी नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने बुडत्या कंपनीला वसुलीपासून संरक्षण दिले आहे, १८० दिवसांची प्रक्रिया आखली आहे आणि ती वाढवून देण्याचीही तरतूद केली आहे. त्याच संहितेत साध्या माणसांसाठी नव्याने सुरुवात करण्याचे प्रकरण लिहिलेले आहे. पण व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग २०१९ च्या डिसेंबरात लागू झाला तो फक्त कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता, आणि त्यातूनही नव्याने सुरुवातीचे प्रकरण वगळले गेले. कंपनीला उसंत दिली की अर्थव्यवस्था वाचते आणि रिक्षावाल्याला दिली की नीतिमत्ता बुडते, हे मला कोणी पटवून द्यावे. शिवाय सावकाराचा स्वार्थ पाहिला तरी कामावर जाऊ शकणारा, झोप लागणारा माणूसच देणे फेडतो.

दुसरा आक्षेप अधिक कडवट असतो. हॉस्पिटलच्या बिलापायी बुडालेल्याचे ठीक, पण ऑनलाइन जुगारात आणि ऑप्शन ट्रेडिंगमध्ये घालवणाऱ्याची कीव कशाला? सेबीने २०२४ साली सांगितले की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. जिथे शंभरातले त्र्याण्णव पडतात, तिथे दोष एकट्याच्या हावेचा म्हणून हात झटकता येत नाहीत. आणि दोष असला तरी काय? पुण्याने हा धडा एकदा गिरवलेला आहे. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी इथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हा व्यसनी माणूस म्हणजे वाया गेलेला माणूस अशीच समजूत होती. व्यसन हा आजार आहे, उपदेशाने तो हटत नाही, उपचाराने आणि सोबतीने हटतो, हे या शहराने मुक्तांगणमुळे मान्य केले. आपली जबाबदारी स्वतः उचलायला शिकवणे हा त्या उपचाराचाच भाग असतो. कर्जाच्या बाबतीत आपण अजून १९८६ च्या अलीकडे आलेलो नाही.

तिसरे म्हणणे असे की सोयी आहेत, लोकच जात नाहीत. सोयी आहेत, हे खरे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही मनाच्या आरोग्यासाठीची विनामूल्य फोनसेवा चोवीस तास चालते. आत्महत्येच्या विचारात असलेल्यांचे ऐकून घेणारी कनेक्टिंग ट्रस्ट ही संस्था पुण्यातच आहे. येरवड्याचे मनोरुग्णालय आहे, ससून रुग्णालय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला आरोपी न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानले आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. पण समुपदेशक ऐकून घेईल, त्याला सेटलमेंटचे पत्र लिहिता येत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील पत्र लिहील, पण समोरचा दहा दिवस झोपलेला नाही हे त्याच्या कागदावर येत नाही. शेतकऱ्यांच्या बाबतीत राज्य सरकारने हा सांधा ओळखला होता. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्पातून गावपातळीवर मनाची विचारपूस सुरू झाली. शहरातल्या कर्जदाराला असे कोणी विचारत नाही. म्हणून मागणी अशी: पुणे महापालिकेच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एका दवाखान्यात आठवड्यातून ठरावीक दिवशी समुपदेशक आणि कर्जाचे कागद समजणारा माणूस एकाच टेबलाशी बसावा. नवी इमारत नको, नवे खाते नको.

तोवर घरातल्या टेबलावर सुरुवात करता येईल. जवळचा माणूस कर्जाचे बोलला तर अंथरुणाचे नाव काढू नका. 'बरे झाले सांगितलेस' म्हणा आणि सगळी पत्रे त्याच्या शेजारी बसून उघडा. एका कागदावर कोणाचे किती, व्याज किती, तारीख कोणती, एवढेच लिहा. रेशन, भाडे, औषधे आणि मुलांची फी आधी बाजूला काढा, उरेल त्याचाच हिशोब सावकारांपुढे ठेवा. जुने फेडायला नवे कर्ज काढू देऊ नका. त्रासाच्या फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा. आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे पैसे लागत नाहीत. बिनपरवाना सावकार असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जा, आणि ॲपवाल्याने फोटो पसरवण्याची धमकी दिली तर १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. आणि जगण्यात अर्थ नाही असे बोलणे कानावर आले, तर तो कागद बाजूला सारा. स्पष्ट विचारा, जिवाचे काही करण्याचा विचार येतो का? विचारल्याने विचार पेरला जात नाही. त्याला एकटे सोडू नका, त्याच्याजवळ बसून १४४१६ लावा. मधे वसुलीवाल्याचा फोन वाजला तर वाजू द्या. तो उद्या सकाळी आठनंतर घेता येईल.