आधी अर्थिंग, मग वीज

आपल्या घरांतील पुष्कळ मुले-मुली आज नेटवर्किंगच्या कामावर जातात. आयटीआय किंवा डिप्लोमा झाला, ठेकेदाराने बोलावले की रात्रपाळीला निघाले. घरी विचारले तर "वायरी जोडतो" एवढेच उत्तर मिळते. हे काम नेमके काय असते ते आज आम्ही सांगणार आहोत. कारण त्यात मुलाचा जीवही गुंतलेला असतो आणि नोकरीही.

एका कचेरीतले संगणक एकमेकांना जोडतो तो स्विच. एका जाळ्यातला निरोप दुसऱ्या जाळ्यात पोचवतो तो राउटर. बँका, मोठी रुग्णालये अशा ठिकाणी ही दोन्ही कामे एकच मोठी पेटी करू शकते. तिला चॅसिस म्हणतात. सिस्को कंपनीची १९९९ साली आलेली कॅटॅलिस्ट ६५०९ ही अशीच पेटी. तिला ९ खण. एका खणात सुपरवायझर कार्ड, म्हणजे पेटीचा मेंदू. इतर खणांत वायरी जोडायची कार्डे. शिवाय पंखे आणि वीजपुरवठ्याचे दोन संच. एक कार्ड बिघडले तर तेवढेच बदलता येते, हा मोठा फायदा. आता नवी मॉडेले आली, पण बसवण्याची रीत तीच आहे.

पेटी रिकामी असली तरी जड असते. ती एकट्याने कधीही उचलू नये. वीजपुरवठ्याचे संच आधी काढून ठेवावेत. त्यांच्या मुठी पेटी उचलण्यासाठी नसतात. पेटी १९ इंची रॅकमध्ये शक्यतो खाली बसवावी. जड वस्तू वर गेली की रॅक कलंडतो.

मग अर्थिंग. अर्थिंगची तार सगळ्यांत आधी जोडायची आणि काढताना सगळ्यांत शेवटी काढायची. हा क्रम चुकला तर शॉकचा धोका.

त्यानंतर मनगटाला अर्थिंगचा पट्टा. अंगावर साचलेल्या विजेचा चटका सुमारे ३००० व्होल्टच्या खाली आपल्याला जाणवत नाही. नाजूक चिप मात्र १०० व्होल्टनेही खराब होऊ शकते. असे कार्ड आज चालते आणि दोन महिन्यांनी बंद पडते.

कार्ड कोठे बसवायचे ते अंदाजाने ठरवू नये. याच पेटीत सुपरवायझर २ पहिल्या किंवा दुसऱ्या खणात बसते, तर सुपरवायझर ७२० पाचव्या किंवा सहाव्या. पुस्तिका वाचावी. कार्ड सरळ सरकवावे, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकदम दाबाव्यात, स्क्रू आवळावेत. रिकाम्या खणावर झाकणपट्टी लावावी, नाहीतर हवेचा मार्ग बिघडून पेटी तापते. फायबरच्या तोंडात डोळा लावून पाहू नये. त्यातला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

वीज सुरू केल्यावर लॅपटॉप कन्सोलला ९६०० वेगाने जोडावा. 'शो मॉड्यूल' म्हटले की सगळी कार्डे दिसतात का ते कळते. नाव, पासवर्ड घातल्यावर सेटिंग जतन करावे. ते राहून गेले तर वीज जाताच सगळी मेहनत वाया.

आता मुख्य गोष्ट. रात्री एक वाजता घाई असते. "पट्टा कशाला? उचल एकटाच!" असे कोणी म्हणते. पाठ धरली तर त्या मुलाचीच धरते. कार्ड बंद पडले तर बोट आधी हेल्परकडेच जाते. म्हणून मुलांनो, पट्टा मागायला लाजू नका. दुसरा माणूस मागणे हा भित्रेपणा नाही. आणि खिशात वही ठेवा. खणाचा क्रमांक, कार्डाचा क्रमांक, वेळ, पट्टा होता की नाही, सोबत कोण होते, सगळे लिहा. साहेबांपुढे उभे राहण्याची वेळ आली तर ती वही तुमच्या बाजूने बोलेल.

आणि आयांनो, उद्या सकाळी मूल कामावरून आले की "जेवलास का?" याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा: "पट्टा बांधला होतास ना?"