खालची मोरी, वरचे गटार

राजगुरुनगरच्या जुन्या पेठेत रस्त्यांवर डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढत गेले, गटारेही त्यांच्याबरोबर वर आली. घरे आणि दुकाने मात्र होती तिथेच राहिली. पूर्वी दोन पायऱ्या चढून दुकानात जावे लागे, तिथे आता एखादी पायरी उतरावी लागते. अशा वास्तूच्या मागल्या खोलीत स्वयंपाकघर थाटले, किंवा नोकरमाणसांच्या चहा-जेवणाच्या भांड्यांसाठी सिंक बसवले, की पाणी खाली आणि गटार वर अशी अडचण होते. मग प्लंबर म्हणतो, "शेठ, खड्डा घ्या, पंप टाका." या सल्ल्याला होकार देण्यापूर्वी थोडा हिशेब मांडलेला बरा.

विजेचा खर्च अगदीच किरकोळ. दिवसाचे २०० लिटर सांडपाणी दोन मीटर उंच चढवण्यास लागणारी निव्वळ ऊर्जा सुमारे एका युनिटच्या हजाराव्या भागाएवढी भरते. लहान पंप त्याच्या कितीतरी पट वीज वाया घालवतो, तरी महिन्याचा आकडा एखाद्या युनिटच्या आसपासच राहील. सांडपाणी वर उचलणे ही काही नवलाईही नाही. लंडनमध्ये १८६५ साली क्रॉसनेस येथे वाफेची यंत्रे त्यासाठी बसवली गेली. मुंबईत वरळीचे लव्हग्रोव्ह उदंचन केंद्र तेच काम करते.

खरा भार उचलण्याचा नसून साठवण्याचा आहे. पंपाला उपसण्यापुरते पाणी आधी साचावे लागते, आणि साचलेले खरकटे पाणी ही आपल्या घरांत साधी बाब नव्हे. प्रज्ञापना सूत्रात संमूर्च्छिम मनुष्यांच्या उत्पत्तीची जी चौदा स्थाने सांगितली आहेत, त्यांत नगराची गटारेही येतात. ४८ मिनिटांच्या आत पाणी वाळावे वा वाहून जावे, हा दंडक पाळणाऱ्या घराने स्वयंपाकघराच्या फरशीखाली गटाराचेच एक पिल्लू पाळावे काय? विज्ञानाच्या बाजूनेही उत्तर निराळे नाही. अन्नकण असलेले पाणी बंद टाकीत कुजते, त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो आणि तो माणसाला घातक असतो.

म्हणून प्रथम मोजावे. गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्यावी, तिच्यात पाणी भरावे आणि सिंकचे तोंड व गटाराच्या पाइपाचे तोंड यांच्या उंचीतील फरक पाहावा. गटार फरशीहून वर असले म्हणजे ते सिंकहूनही वर असतेच असे नाही. ओट्यातील सिंकचा ट्रॅप फरशीपासून साधारण ४५ सेंटिमीटरवर बसवता येतो. पाइपाला दर मीटरला अडीच सेंटिमीटर ढाळ हवा, म्हणजे सहा मीटर अंतराला अवघे १५ सेंटिमीटर. उरलेल्या ३० सेंटिमीटरमध्ये गटार आले, तर पंपाचे कारणच उरत नाही. पाइप फरशीखालून न नेता भिंतीलगत उघडा न्यावा लागेल इतकेच. तो दिसायला बरा नसतो, हे खरे. तरीही सिंक गटाराच्या बाजूच्या भिंतीकडे सरकवणे किंवा ओटा चार बोटे उंच करणे हे पंपापेक्षा स्वस्त पडते. फरशीवरच्या मोरीला मात्र ही सवलत नाही.

सारे करूनही पाणी वाहत नसेल, तर पंप घ्यावा. पण टाकी लहान, उथळ, झाकणबंद आणि वरूनच हाताने धुता येईल अशी असावी. माणसाला आत उतरावे लागेल असा खड्डा कदापि करू नये. टाकीला वायू बाहेर सोडणारी नळी छपरापर्यंत न्यावी. स्वच्छ पाणी वरच्या टाकीत चढवणारा साधा पंप इथे चालत नाही. भाताची शिते आणि चहाचा चोथा त्याला चार दिवसांत अडवतात. सांडपाण्यासाठीचाच, फ्लोट स्विचचा पंप हवा. चढत्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर पाइपातले पाणी पुन्हा टाकीत उतरते आणि पंप तेच पाणी दिवसभर उपसत बसतो. पाइप गटाराच्या पातळीहून वर नेऊन मग आत सोडावा, म्हणजे पावसाळ्यात तुंबलेले गटार घरात शिरणार नाही. ओल्या जागी वीज येते आहे, तेव्हा गळती ओळखून प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच हवाच. वीज गेली असता सिंकचा नळ उघडायचा नाही, हे घरातल्या मुलांना आणि दुकानातल्या नोकरांना सांगून ठेवावे.

फ्लोट स्विच बंद झाल्यावरही तळाशी दोन-चार बोटे पाणी राहतेच. रात्री बादलीभर गाळलेले पाणी सोडून पंप हाताने चालवावा, आणि आठवड्यातून एकदा तळ पुसून कोरडा करावा. थाळी धुऊन पिण्याची आपली जुनी रीत इथे फार उपयोगी पडते. जे पोटात गेले ते टाकीत कुजत नाही. तुपा-तेलाची भांडी आधी कागदाने पुसावीत. इथल्या गटारांचा उतार भीमेकडे आहे, आणि भीमेचे पाणी पुढे उजनीच्या जलाशयात साठते.

जोडणीपूर्वी शेजाऱ्यांनाही विचारावे. संथ वाहणारे पाणी सामावून घेणारा सामाईक चेंबर पंपाच्या एकदम आलेल्या लोंढ्याने उफाळू शकतो, आणि उफाळतो तो बहुधा सर्वांत खालच्या घरात.