यंत्राला शिकवणारे दाते

एखादे संकेतस्थळ उघडताना आपण माणूसच आहोत, हे सिद्ध करण्याची पाळी आता कोणावर आलेली नाही? चित्राच्या नऊ चौकटींतून सिग्नलचे दिवे शोधा, बस शोधा, झेब्रा क्रॉसिंग शोधा. आपण वैतागून बोटे चालवतो आणि पुढे जातो. त्या काही क्षणांत आपण एका यंत्राचे शिक्षक झालेलो असतो, हे मात्र ध्यानात येत नाही. ही पद्धत ‘रीकॅप्चा’ या नावाने २००७ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातून आली. तेव्हा पडद्यावर दोन शब्द दिसत. एक संगणकाला ठाऊक असलेला, दुसरा जुन्या छापील पानावरचा, संगणकाला न वाचता आलेला. ठाऊक असलेला शब्द ज्याने बरोबर लिहिला, त्याने दुसराही नीट वाचला असेल असे मानायचे आणि अनेकांची उत्तरे जुळली की तो शब्द पक्का करायचा, अशी ही युक्ती. २००९ मध्ये ‘गूगल’ने ती विकत घेतली. पुढे शब्दांच्या जागी रस्त्यांवरची चित्रे आली. कोट्यवधी माणसांनी यंत्राला शिकवले, पण ‘तुम्ही शिकवाल का’ असे कोणी त्यांना विचारले नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे आपोआप शहाणे झालेले यंत्र, असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात हे यंत्र उदाहरणांवरून शिकते आणि ‘हे मांजर’, ‘ही गाठ’, ‘हा शब्द’ असे त्या उदाहरणांवर आधी कोणीतरी माणूस लिहून ठेवतो. काहींना त्या कामाचे पैसे मिळतात, तेही बहुधा तुटपुंजे. काही जण नकळत ते करून जातात. तिसरा गट समजून-उमजून, फुकट, विज्ञानासाठी किंवा भाषेसाठी वेळ देतो. या स्वयंसेवकांचे मोल आणि त्यांचे हक्क हा आजचा विषय आहे.

अशा कामाचे गाजलेले उदाहरण आकाशातले आहे. ऑक्सफर्डमधील केविन शाविन्स्की या संशोधकाने दीर्घिकांची ५० हजार छायाचित्रे डोळ्यांखालून घातली आणि तो थकला. उरलेल्या लाखो चित्रांचे काय, हा प्रश्न होता. जुलै २००७ मध्ये त्याने आणि ख्रिस लिंटॉट यांनी सहकाऱ्यांसह ‘गॅलेक्सी झू’ हा प्रकल्प लोकांसाठी खुला केला. दीर्घिका सर्पिल आहे की लंबगोल, एवढाच प्रश्न. पहिल्याच वर्षात दीड लाखांहून अधिक लोकांनी मिळून पाच कोटी उत्तरे दिली. एका चित्राकडे अनेक जण पाहत असल्याने एखाद्याची चूक इतरांच्या मतांत विरून जाई. नंतर याच उत्तरांवर संगणकाला दीर्घिका ओळखायला शिकवण्यात आले.

याच प्रकल्पात हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ विचित्र रंगाचा ठिपका दिसला. विचारलेल्या प्रश्नात तो कुठेच बसत नव्हता, पण ‘हे काय आहे?’ असे तिने विचारले आणि खगोलशास्त्रज्ञांना अभ्यासाला एक नवीच वस्तू मिळाली. यंत्र शिकवलेले ओळखते. न शिकवलेल्याचे कुतूहल अजून माणसालाच आहे.

आरोग्याच्या क्षेत्रातही हे घडले आहे. अल्झायमरमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. तो का घटतो याचा शोध अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची प्रयोगशाळा घेत होती. आजारी उंदरांच्या मेंदूतील सुमारे दोन टक्के केशवाहिन्यांत पांढऱ्या पेशी अडकून प्रवाह थांबतो, असे त्यांना आढळले. दोन टक्के म्हणजे किरकोळ वाटेल, पण एका ठिकाणी तुंबले की पुढच्या अनेक वाहिन्या कोरड्या पडतात. ही तुंबलेली वाहिनी शोधायची तर सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्रफिती एकेक करून पाहाव्या लागत आणि त्यात महिनोन्महिने जात. २०१६ मध्ये ‘स्टॉल कॅचर्स’ या खेळवजा प्रकल्पातून हे काम लोकांकडे आले. रक्त वाहते आहे की थांबले आहे, एवढेच सांगायचे. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या चित्रफिती मध्येमध्ये पेरून प्रत्येकाची नजर पारखली जाते आणि त्यानुसार त्याच्या मताला वजन मिळते. २०२० मध्ये लोकांनी दिलेल्या याच उत्तरांच्या आधारे संगणकाला शिकवण्याची जाहीर स्पर्धा झाली. उंदरांवरील या संशोधनातून माणसासाठी औषध निघायला बराच रस्ता बाकी आहे. तरी घरातल्या कुणाला विसरत जाताना पाहिलेल्या माणसाला आपणही यात काही करू शकतो, हे समाधान लहान नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. ‘मोझिला’ संस्थेचा ‘कॉमन व्हॉइस’ हा प्रकल्प २०१७ पासून जगभरातील भाषांचे आवाज गोळा करतो. त्यात मराठी आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमाने तर या कामाला ‘भाषादान’ असेच नाव दिले आहे. पडद्यावरचे वाक्य मोठ्याने वाचायचे, किंवा दुसऱ्याने वाचलेले ऐकून बरोबर की चूक ते सांगायचे. काम पाच मिनिटांचे, पण त्याचा संबंध थेट दवाखान्याशी पोहोचू शकतो.

उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाची तक्रार ऐकून नोंद करणारे यंत्र आले, तर ते काय ऐकेल? आपल्याकडे रुग्ण ‘मला सौम्य ताप आहे’ असे म्हणत नाही. अंगात कसर आहे, कणकण वाटते, अंग मोडून आले आहे, असे म्हणतो. छातीत कळ येते, पाठीत चमक भरते, पोटात आग पडते, तोंडाला चव नाही. बाई ‘अंगावरून जातंय’ म्हणते आणि एवढ्यावर थांबते. गावात वर्षानुवर्षे काम केलेल्या आशाताईंना त्या थांबण्याचाही अर्थ कळतो. यंत्राला ‘कळ’ आणि ‘चमक’ यांतला फरक कोणी शिकवला नसेल, तर ते चुकेल आणि त्या चुकीची किंमत रुग्ण मोजेल.

इथेच स्वयंसेवेची मर्यादाही दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. पण फुकट आवाज द्यायला चांगला फोन लागतो, इंटरनेट लागते, निवांत वेळ लागतो आणि वाचताही यावे लागते. त्यामुळे शिकलेल्या, शहरी, तरुण आवाजांकडे पारडे झुकण्याचा धोका उघड आहे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, झाडीबोली बोलणारी, कधी शाळेत न गेलेली आजी पडद्यावरचे वाक्य वाचणार कशी? दवाखान्यात मात्र तिलाच जास्त वेळा जावे लागते. ज्यांचा आवाज संचात नाही, त्यांचे म्हणणे यंत्राला कळणार नाही. केवळ वाचून घेण्याऐवजी चित्र दाखवून बोलते करणे, घरी जाऊन ध्वनिमुद्रण करणे आणि त्या वेळेचा मोबदला देणे, हे सरकारी पैशातून व्हायला हवे. ज्यांना रोजगार बुडवून यावे लागते, त्यांच्याकडे दान मागणे शोभत नाही.

‘दान’ हा शब्द वापरला की त्याचे नियमही आले. रक्तदानाकडे पाहा. एकेकाळी या देशात रक्त विकणारे व्यावसायिक दाते होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून ती विक्री बंद झाली. आज शिबिरात रांग लागते, कारण विश्वासाची एक चौकट आहे. देण्याआधी दात्याची तपासणी होते, पिशवीची नोंद राहते, रुग्णाकडून चाचणी व साठवणुकीचा खर्च घेतला जातो, रक्ताची किंमत नाही. आवाज आणि नजर यांच्या दानाला अशी चौकट अजून नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मोकळी, नेमकी आणि माहितीवर आधारलेली असावी, ती मागेही घेता यावी, असे सांगितले आहे. पण साठ्यातला आवाज पुसता आला, तरी त्यावर आधीच शिकून झालेल्या यंत्राला ते विसरायला लावणे फार कठीण असते. म्हणून खरा प्रश्न देण्याआधी विचारायचा.

तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या कामातून नेमके काय घडणार आहे? तयार झालेला संच सर्वांना खुला राहणार, की कोणा एकाच्या तिजोरीत जाणार? आणि निष्कर्ष मला कळवले जातील का? कॉमन व्हॉइसचा संच कोणालाही वापरता येतो. त्यात कंपन्याही आल्या, तसेच एखाद्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयीन विद्यार्थीही आले. हे देताना ठाऊक असावे. जनतेच्या आवाजावर आणि जनतेच्या पैशावर उभे राहिलेले यंत्र जनतेच्या दवाखान्यात विनामूल्य चालले पाहिजे, ही अट सरकारी प्रकल्पांत तरी लेखी असायला हवी. आणि एक पथ्य आपणही पाळावे. स्वतःचा आवाज द्यायचा हक्क आपला आहे, पण घरातल्या रुग्णाचे अहवाल, नाव वा छायाचित्र ‘यंत्राच्या शिक्षणासाठी’ कुठेही चढवण्याचा हक्क आपला नाही.

एवढे पाहून झाले, की हात आखडता घेऊ नये. इतर भाषा आपापला आवाज देत असताना मराठी गप्प राहिली, तर उद्याचे यंत्र तिच्याशी मोडकेतोडके बोलेल आणि आपण त्याला हसत बसू. या रविवारी पाच मिनिटे काढून दहा वाक्ये वाचावीत. शेजारी आजी बसली असेल, तर तिला वाक्य वाचून दाखवावे आणि तिच्याकडून तिच्या सुरात म्हणवून घ्यावे. अर्थात, हे कशासाठी आहे ते तिला आधी नीट सांगून.