भाषेवरून जमिनीवर

बिदर-कलबुर्गीचं नाव निघालं की आपण मराठी-कानडी वादावर येऊन थांबतो. हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्याच राज्यात, १९२१ साली हैदराबादच्या एका समाजसुधारणा परिषदेत एक वक्ता तेलुगूत बोलू लागला आणि सभेने त्याची हुर्यो उडवली. अध्यक्ष कोण? आपले धोंडो केशव कर्वे! त्या अपमानातून आंध्र जनसंघ आणि पुढे १९३० मध्ये आंध्र महासभा निघाली. काम काय, तर वाचनालयं आणि मातृभाषेतलं शिक्षण. १९४४ च्या भोंगीर अधिवेशनात ती कम्युनिस्टांच्या हाती गेली आणि प्रश्नच बदलला. आता वेठबिगार, सक्तीची लेव्ही, जमीन. १९४६ मध्ये कडवेंडीत दोड्डी कोमरय्या गोळीला बळी पडला. बंदुका लोकांच्या हाती आल्या त्या नंतर.

बिदरकडच्या महाराष्ट्र परिषद, कर्नाटक परिषद मात्र भाषा आणि जबाबदार राज्यपद्धती यांपलीकडे फारशा गेल्या नाहीत. वेठ तिथेही होती. १९४८ नंतर भारतीय फौजेशी लढत राहणं मला पटत नाही. १९५१ साली तो लढा मागे घेतलाच. पण ते पहिलं वळण मोलाचं. आपल्याकडे कोंकणी-मराठीवरून भांडणारे मुंडकाराच्या घराखालच्या जमिनीबद्दल किती बोलतात? कायदा १९७५ चा आहे. फायली अजून चालूच आहेत.