जवानाने दाद कोणाकडे मागावी?

अमरावतीच्या सूनबाई श्रीमती प्रतिभाताई पाटील यांनी आपल्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ जळगावच्या न्यायालयात वकिली करीत केला. १९६२ साली त्या विधानसभेत गेल्या, १९९१ साली अमरावतीतून लोकसभेवर निवडून आल्या आणि २५ जुलै २००७ रोजी राष्ट्रपती झाल्या. घटनेच्या ५३ व्या कलमान्वये संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य या वकीलबाईंकडे आले. परंतु राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तेव्हा सामान्य जवानाचा राखणदार कोण, हा प्रश्न उरतोच.

त्याचे अर्धे उत्तर त्यांच्याच कारकिर्दीत मिळाले. ८ ऑगस्ट २००९ रोजी त्यांच्या हस्ते सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले. तोवर कोर्ट मार्शलच्या शिक्षेवर अपिलाची सोय नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने याविषयी १९८२ सालीच खंत व्यक्त केली होती. सत्तावीस वर्षांनी का होईना, दार उघडले.

पण दाराची किल्ली कोणाकडे आहे? न्यायाधिकरणाचा प्रशासकीय कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, आणि बहुतेक दाव्यांत प्रतिवादीही तेच! मूर्तिजापूरच्या एखाद्या जवानाच्या विधवेला निवृत्तिवेतनासाठी मुंबईच्या खंडपीठापर्यंत जावे लागते. २०१५ च्या एका निकालाने उच्च न्यायालयाची वाटही जवळजवळ बंद झाली होती. ती २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेच पुन्हा मोकळी केली.

पश्चिम जर्मनीने १९५६ साली घटना दुरुस्त करून संसदेने निवडलेला संरक्षण दल आयुक्त नेमण्याची तरतूद केली. तेथील सैनिक वरिष्ठांना वगळून थेट त्याच्याकडे तक्रार करू शकतो. हिटलरच्या लष्कराची झळ सोसलेल्या समाजाने घेतलेली ती खबरदारी होती. आपल्याकडे अशी व्यवस्था नसल्यामुळे राखणदारी अखेर लोकांच्याच माथी येते. प्रतिभाताईंच्या निवृत्तीनंतरच्या निवासस्थानासाठी खडकीतील लष्करी जमीन ठरली, तेव्हा आवाज उठविला तो माजी सैनिकांनी. आणि एप्रिल २०१२ मध्ये प्रतिभाताईंनी ते घर नाकारले. जागरूक नागरिकांपुढे सर्वोच्च पदालाही नमते घ्यावे लागते, हा त्याचा अर्थ.

फौजेत जातो तो शेतकऱ्याचा, शेतमजुराचा मुलगा. कापसाला भाव नाही म्हणून तो वर्दी चढवितो. वर्दीबरोबर त्याचे नागरिकत्व गहाण पडता कामा नये. न्यायाधिकरण मंत्रालयाच्या कक्षेबाहेर काढावे आणि संसदेला उत्तरदायी असा आयुक्त नेमावा, ही आमची मागणी आहे. अकोला व अमरावतीच्या कार्यकर्त्यांनी माजी सैनिकांची व वीरपत्नींची रखडलेली प्रकरणे गावोगाव गोळा करून या मागणीला बळ द्यावे. जवानाचा जयजयकार सोपा आहे; त्याची कैफियत ऐकून घेणे हीच खरी कसोटी.