दार उघडलं, पण राखणदार कुठे आहे?

चाकण, भोसरी, निगडीचे पेशंट मला वारंवार विचारतात, "डॉक्टर, एवढी मोठी हॉस्पिटलं आली, विमा कंपन्या आल्या, मग उपचार स्वस्त का होत नाहीत?" प्रश्न अगदी रास्त आहे.

जागतिक व्यापार संघटनेचा सेवा-व्यापार करार १९९५ साली लागू झाला. पुढे आपणही एकेक दार उघडत गेलो. हॉस्पिटलमध्ये १०० टक्के परदेशी भांडवलाला २००० सालापासून मुभा आहे. विमा कंपन्यांतली मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. त्यातून नवी यंत्रं आणि खाटा आल्या, हे मी नाकारत नाही.

माझा आक्षेप क्रमाला आहे. दार आधी उघडलं, राखणदार नेमलाच नाही. गाडी घेणारा चार शोरूम फिरून भाव करतो. छातीत कळ आलेला माणूस चार हॉस्पिटलं फिरत नाही. म्हणून इथे नुसत्या स्पर्धेने दर उतरत नाहीत, कायदा लागतो. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलाच नाही. आम्हा डॉक्टरांच्या संघटनांचाही त्याला विरोध होता. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. २०२१ च्या नियमांनी दरपत्रक लावणं सक्तीचं केलं, पण दर किती असावा यावर लगाम नाही.

याची सर्वांत जास्त झळ कामगाराला बसते. ईएसआयची पगारमर्यादा २०१७ मध्ये २१,००० रुपये ठरली आणि तिथेच अडकली. पगार त्यापुढे गेला की चालू सहामाही संपल्यावर वर्गणी थांबते आणि पुढे काही काळाने कार्डही बंद. हजार रुपयांची वाढ मिळाली आणि अख्ख्या कुटुंबाचं छत्र गेलं! म्हणजे ज्याला संरक्षण हवं, त्यालाच आपण बाजारात उभं करतो.

म्हणून मागणी साधी आहे. ईएसआयची मर्यादा महागाईप्रमाणे वाढवा. दरांवर कायदा आणा. वायसीएमसारख्या सरकारी रुग्णालयांना माणसं आणि औषधं द्या. भांडवलाला सवलती नंतर.

तोवर तुम्ही एवढं करा. पगारवाढीचं पत्र हाती पडताच कुटुंबाचा विमा घ्या. आधीपासूनच्या बीपी-शुगरसाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. जुने आजार फॉर्ममध्ये लपवू नका. आणि हॉस्पिटलात दरपत्रक आणि तपशीलवार बिल मागायला लाजू नका. तो तुमचा हक्क आहे.