घरचा डोनट, पण साखर मोजून

“सिस्टर, बेकरीतला नाही, घरी भाजलाय,” असं म्हणत साताऱ्यात आमच्या वस्तीतल्या बाया चॉकलेट डोनट पुढे करतात. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून त्या छान भाजतात. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल पोटात जात नाही, हे चांगलंच. पण घरचं म्हणजे पौष्टिक, हे मला मान्य नाही.

हिशोब करू. बारा डोनटच्या पिठात 100 ग्रॅम साखर, वरच्या चॉकलेटच्या थरात 120 ग्रॅम पिठीसाखर. एका डोनटला सुमारे 18 ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगते, मोठ्या माणसाने शक्यतो दिवसाला 25 ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमच्यांच्या आत राहिलं तर अधिक चांगलं. एक डोनट आणि चमचा-चमचा साखरेचे दोन चहा झाले, की मर्यादा ओलांडली. लेकरांची मर्यादा तर याहून कमी. कराडचा गूळ घातला तरी सुटका नाही; मधुमेहाला तोही साखरच.

मग लेकरांना नाहीच म्हणायचं? मुळीच नाही. वरचा थर सोडा, कोको पिठातच मिसळा, वनस्पती तूप टाळा, आणि सणावाराला एकच द्या. घरी साखरेचा चमचा आपल्या हातात असतो. तो अर्धा भरा.